उठावाचा चौकोन: पांढरा दोरा आणि उरलेली लोकर

पावसाळा सरला की आमच्याकडे वेंगुर्ल्याला घरोघरी ट्रंका उघडतात आणि चार महिने ओल धरलेले कपडे उन्हात पडतात. आमच्या ट्रंकेतून दर वर्षी दोन वस्तू एकाच घडीत निघतात. एक आजेसासूबाईंच्या रुखवतातला पांढरा रुमाल. बारीक दोऱ्याचा, मधोमध एकावर एक तीन थरांच्या पाकळ्यांचा गुलाब. डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळ्या मोजता येतात. दुसरी मावशींनी उरल्यासुरल्या लोकरीची केलेली चादर. लाल, पोपटी, राणी, आकाशी चौकोन आणि सगळ्यांना काळी किनार.

हल्ली मुली व्हिडिओ बघून क्रोशाच्या सुईने जो उठावाचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू करून फेरीफेरीने वाढवलेला चौकोन, विणतात, पॉपकॉर्न टाक्याचे गोळे नि वर उचललेल्या पाकळ्या असलेला, तो या दोन घराण्यांची सोयरीक आहे असं माझं ठाम मत आहे. रचना रंगीत चादरीची, उठाव पांढऱ्या रुमालाचा. दोन्ही घराण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि दोन्हींत अडचणीच्या काळातल्या बायका आहेत.

आधी सुईबद्दल. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. अठराव्या शतकात युरोपात तांबूर नावाच्या भरतकामाची आवड पसरली. चौकटीवर कापड ताणायचं, आकडा खाली घालून दोरा वर ओढायचा, की साखळी टाका तयार. आपल्याकडच्या आरीकामाची रीत हीच, आणि हे काम पूर्वेकडूनच तिकडे गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे साखळी उरली आणि कापड गळालं. नुसत्या दोऱ्याची साखळी हवेत विणायची, म्हणून तिला ‘हवेतला क्रोशे’ असंच नाव पडलं. छापील नमुने १८२३ साली ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आले, तेही छोट्या बटव्यांचे. म्हणजे विणकामाच्या मानाने ही कला तरुण आहे.

पांढऱ्या रुमालाचा गुलाब येतो आयर्लंडहून. १८४५ मध्ये तिथे बटाट्यावर करपा पडला आणि बटाट्यावर जगणाऱ्या त्या देशात पुढची काही वर्षं भीषण दुष्काळ राहिला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क शहराजवळच्या उर्सुलाइन या कॅथलिक पंथाच्या जोगिणींनी आणि क्लोन्स गावी १८४७ पासून कॅसँड्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने बायकामुलींना क्रोशे शिकवला. व्हेनिसच्या सुईच्या लेसला श्रीमंतांत फार मागणी होती, पण तिला वेळ अतोनात लागे. तिचा उठाव आकड्याने, कितीतरी लवकर साधता आला. गुलाब, पानं, तिपानी सगळं सुटं विणायचं, आत जाड दोरा घालून फुगवायचं, मग जाळीने जोडायचं. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी असे नमुने पुस्तकांतून छापले आणि ते घरोघरी गेले.

या कामात रंग नव्हता. पांढऱ्यावर पांढरं. म्हणून जे दिसायचं ते उंचसखलपणातून, सावलीतून दिसायचं. उठावाचे टाके इतके वाढले त्याचं मला हेच कारण वाटतं: हातात एकच रंग असला की बोटं खोली शोधतात.

चादरीचं घराणं याच्या उलट. तिथे रंग भरपूर, पण कुठलाही पुरेसा नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला आणि मग कृत्रिम रंगांची रांगच लागली. भडक रंगांची लोकर स्वस्त झाली, बायका भरू-विणू लागल्या, आणि प्रत्येक कामातून वीतभर-हातभर दोरा उरू लागला. अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात ४ एप्रिल १८८५ रोजी मिसेस फेल्प्स नावाच्या वाचक बाईंनी पाठवलेला नमुना छापून आला. आज माहीत असलेला हा सर्वांत जुना छापील ग्रॅनी स्क्वेअर. त्याला तेव्हा कुणी ‘आजीचा’ म्हणत नव्हतं. १८९७ मध्ये इंग्लंडच्या ‘वेल्डन्स’ या प्रकाशकाच्या पुस्तिकेत तो ‘ठिगळांचा चौकोन’ म्हणून येतो. आजीचं नाव नंतर चिकटलं.

ठिगळांचा चौकोन म्हटल्यावर कोकणातल्या बाईला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आम्ही याच हिशेबाने शिवत आलो. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं, आणि एकटं कशालाच पुरत नाही म्हणून जोडलेलं.

पांढरा क्रोशा मात्र आमच्या किनाऱ्यावर बाहेरून आला. बाणकोट-हर्णैला स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्येच आले होते, पण तेव्हा खुद्द युरोपातच हे काम नवं होतं. पुढे मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-टिपण हा शिकवण्याचा भाग झाला. खाली गोव्यात पोर्तुगीज घरांत आणि कॉन्व्हेंटांत लेसचं काम होतंच. आपण त्या शब्दाला आकार लावून ‘क्रोशा’ केलं आणि टाक्यांना आपली नावं दिली: साखळी, आणि उभ्या टाक्यांना उंचीप्रमाणे मुका खांब, खांब, जोडखांब. ही नावं मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतात. अमेरिकन पुस्तकात जो टाका ‘डबल’, तोच ब्रिटिश पुस्तकात ‘ट्रेबल’. नमुना कुठला हे न बघता विणायला घेतलं की चौकोन भलत्याच मापाचा होतो. खांब तेवढा खांबच राहतो. नवा नमुना घेताना आधी खांबाचं चित्र बघा, मग नाव वाचा.

आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला हेच काम मिशनऱ्यांनी शिकवलं आणि तिथे त्याचा मोठा धंदा झाला. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. आमच्याकडे क्रोशा उंबऱ्याच्या आतच राहिला. दाराला तोरण, तांब्यावर रुमाल, रेडिओवर झाकण, देव्हाऱ्यात बाळकृष्णाची टोपी. आणि सगळ्यात मोठं प्रदर्शन म्हणजे रुखवत. लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलीचा हात कसा आहे, हे लोक त्या टेबलावर वाचत. आजेसासूबाईंचा रुमाल तिथे मांडला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. तो दोरा अजून चमकतो. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया देऊन पाहिली. पुढे १८९० च्या आसपास तेच सूत ताणून धरून केलं तेव्हा ही रेशमासारखी झळाळी आली. तोच मर्सराइज्ड दोरा. कोकणच्या दमट हवेत लोकरीला कसर लागते. हे सूत मात्र उकळून, नीळ देऊन पुन्हा उभं राहतं.

मग इथे लोकरीची चादर आली कशी? थंडी नाही, स्वेटर कुणी घालत नाही. आमच्या घरापुरतं उत्तर मुंबई आहे. मावशी गिरगावात चाळीत राहायच्या. १९६२ च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तशा त्याही विणत होत्या. उरलेली लोकर पिशवीत साठत गेली आणि मे महिन्यात गावी आली. त्या चादरीत एका कोपऱ्यात मळक्या हिरव्या रंगाचे तीन चौकोन आहेत, ते त्या लोकरीचे. बाकी राणी नि पोपटी रंग भाचरांच्या टोपड्यांचे. मावशींची सुई छत्रीच्या मोडक्या काडीची होती, टोक फरशीवर घासून केलेली. दुकानातली पुढे मिळाली तरी त्यांनी ती सोडली नाही.

ग्रॅनी स्क्वेअर एवढा टिकला तो त्याच्या हिशेबामुळे. साखळीच्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट, मध्ये दोन साखळ्यांचे कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट, म्हणजे आठ. मग बारा, मग सोळा. दर फेरीला चार गट वाढतात, एवढं ध्यानात ठेवलं की कागद लागत नाही. आणि दोन सुयांच्या विणकामासारखे पन्नास टाके सुईवर लटकत नसतात, एकच फास असतो. चुलीवरचं दूध उतू चाललं तर चौकोन खाली टाकून पळता येतं. फार तर तो एक फास सुटतो.

उठाव घातला की हा हिशेब थोडा बिघडतो, आणि खरं कौशल्य तिथेच लागतं. पॉपकॉर्नसाठी एकाच जागी पाच खांब घालायचे, सुई काढून घ्यायची, ती पहिल्या खांबाच्या डोक्यातून घालून सुटलेला फास त्यातून ओढायचा. पाचही खांब मागे न जाता पुढे फुगतात, चण्याएवढा गोळा उभा राहतो. पण पाच खांबांची रुंदी एका खांबाएवढी होते. म्हणून दोन गोळ्यांमध्ये एखादी साखळी जास्त सोडावी लागते, नाहीतर चौकोन मधून वर येतो. मी शिकताना हेच करत असे, आणि मावशी हातातून काम काढून घेऊन म्हणायच्या, “इतक्या आवळू नको गो, तेका पोट येतला.” पोट आलेला चौकोन पाटावर टाचण्या मारून, पाणी शिंपडून ठेवला तर थोडा बसतो. फार आवळलेला बसत नाही, तो उसवावाच लागतो.

आयरिश गुलाबाचा चौकोन करायचा तर पाकळ्यांच्या प्रत्येक थरामागे साखळीची कमान टाकायची आणि पुढचा थर त्या कमानीवर उभा करायचा. वरची पाकळी खालच्या पाकळीला शिवलेली नसते, म्हणून ती उचलली जाते. शेवटच्या थरामागे आठ कमानी घ्यायच्या, एकाआड एक चार कोपरे धरायचे, आणि तिथून पुढे साधा ग्रॅनी स्क्वेअर. गोल गुलाबाला चौकोनात आणणारी ही एक फेरी म्हणजे दोन घराण्यांमधलं दार. आजेसासूबाईंचा रुमाल मी भिंगाखाली धरून पाहिला, तर गुलाबामागे याच कमानी आहेत.

जाड सुती दोरा हल्ली घरपोच मिळतो, आणि आमच्या हवेला तोच बरा. ॲक्रिलिक पटकन वाळतं, पण घामेजल्या अंगाला चिकटतं. सुती पॉपकॉर्न मात्र आत पाणी धरून ठेवतो, तेव्हा आषाढ-श्रावणात असा चौकोन धुवायला काढू नये. गोळ्याच्या पोटात काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. माझी पुतणी यंदा रुमालातला तो गुलाब मावशींच्या रंगांत विणायला बसली आहे. पाकळ्या राणी रंगाच्या, कमानी पोपटी, किनार काळी. चौथा चौकोन चालू आहे, पहिल्या दोघांना पोट आलं होतं. ते तिने काल रात्री बसून उसवले.