उपकरणनिरपेक्ष वेब मजकूर

वेबवर टाकलेला मजकूर उद्या कोणत्या यंत्रावर उघडला जाईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, हे मान्य करून तो लिहिण्याची, जुळवण्याची आणि साठवण्याची पद्धत. मजकुराचा अर्थ आणि त्याचे रूप वेगळे ठेवायचे, हा तिचा गाभा. शीर्षक कोणते, तारीख कोणती, स्थळ कोणते हे मजकुरातच खुणा करून सांगायचे आणि रुंदी, रंग, अक्षराचा आकार हे सारे ज्या त्या यंत्रावर सोडायचे. या नोंदीत तिचा विचार बेळगाव आणि आसपासच्या सीमाभागातील मराठीच्या अंगाने केला आहे, कारण तिची गरज इथे फार जवळून दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. कार्यालयीन व्यवहार कन्नड आणि इंग्रजीत चालतो. मराठीतून परिपत्रके मिळावीत ही इथली जुनी मागणी आहे. त्यामुळे वेबवरचे इथले मराठी प्रामुख्याने वर्तमानपत्रांनी, वाचनालयांनी, साहित्य संमेलने भरवणाऱ्या गावांनी, गणेशोत्सव मंडळांनी, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि दुकानदारांनी लिहिलेले असते. यांतल्या बहुतेकांपाशी दर दोन-तीन वर्षांनी संकेतस्थळ नव्याने बांधून घ्यायला पैसा नसतो. एकदा लिहिलेले वीस वर्षे पुरले पाहिजे.

वाचणारी यंत्रे मात्र एका घरातही एकसारखी नसतात. आजोबांच्या खिशात बटणांचा फोन, सुनेच्या हातात काच तडकलेला अँड्रॉइड आणि त्याची भाषा शाळकरी नातवाने कन्नड ठेवलेली, धाकटा मुलगा पुण्यात लॅपटॉपवर, बैठकीच्या खोलीत इंटरनेट जोडलेला टीव्ही. गावच्या यात्रेची सूचना या सगळ्यांना एकच जाते. पाच वर्षांनी त्या घरात कोणते यंत्र असेल, ते आज कुणी सांगू शकत नाही.

पूर्वपीठिका

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत उभे केलेले जगातले पहिले संकेतस्थळ ऑगस्ट १९९१ मध्ये सर्वांसमोर आले. त्यात नुसता मजकूर आणि दुवे होते. फोनवर वेब ही कल्पनाही तेव्हा नव्हती, तरी ते पान आजच्या फोनवर वाचता येते, कारण ओळ कुठे तोडायची हे त्यात लिहिलेलेच नाही. घोटाळा पुढच्या दहा वर्षांत झाला. छपाईच्या सवयीने संकेतस्थळे आधी ६४०, मग ८००, मग १०२४ पिक्सेल अशा ठरावीक मापात बांधली जाऊ लागली. एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप यांनी एका निबंधात बजावले की लवचीकपणा हा वेबचा स्वभाव आहे, तो दोष समजून दाबू नये. २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन यांनी ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ ही संज्ञा रूढ केली. साधा मजकूर आधी सर्वांपर्यंत पोचवायचा, आणि ज्या यंत्राला झेपेल त्याला वरची सजावट द्यायची, असा तिचा अर्थ. २००७ मध्ये आयफोन आला आणि रुंदीची सगळी गणिते कोलमडली. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी प्रमाणात ताणणारी मांडणी, मापात बसणारी चित्रे आणि स्क्रीननुसार बदलणारे नियम यांची सांगड घालून ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. ते सर्वतोमुखी झाले.

सीमाभागातल्या लेखकाला मात्र त्याहून जवळची वाटावी अशी कल्पना २००९ मध्ये अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीकडून आली : एकदाच लिहा, सगळीकडे प्रकाशित करा. बातमीचे शीर्षक, सारांश, मुख्य मजकूर, ध्वनिफीत, छायाचित्र हे सुटे भाग म्हणून साठवायचे. संकेतस्थळ, फोन, रेडिओ केंद्राचे पान, ज्याला जो भाग हवा तो त्याने उचलावा. पान देखणे असणे आणि मजकूर सुटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टिकते ती दुसरी.

जुन्या फॉन्टांचा धडा

मराठी वाचकाने हा धडा फार महागात शिकला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांची ती एक निरर्थक रांग होती आणि तिच्यावर विशिष्ट फॉन्ट चढवला की मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांनी संकेतस्थळे काढली तेव्हा पान उघडताच आपोआप उतरणारे ‘डायनॅमिक’ फॉन्ट वापरले गेले, आणि ते प्रामुख्याने इंटरनेट एक्सप्लोररवर चालत. वाचक दुसऱ्या ब्राउझरवर गेला, मग फोनवर गेला, आणि त्या काळातल्या पानांवर त्याला चिन्हांचा कचरा दिसू लागला. त्या काळच्या किती तरी बातम्या, अग्रलेख आणि निधनवार्ता अशा वाचण्यापलीकडे गेल्या. मजकूर नष्ट झाला नव्हता, तो एका यंत्राला बांधून घातला होता, आणि ते यंत्र गेले.

युनिकोडने हे मुळापासून बदलले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा संच मिळाला. कन्नडलाही तेवढाच स्वतंत्र संच आहे. म्हणजे ‘क’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च. तरी मराठीचे काही कंगोरे राहिलेच. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र ठेवून हे अक्षर काढलेले असते आणि काही यंत्रांवर तिथे तुटक रेघेचे वर्तुळ दिसते. ‘दऱ्या’मधला ऱ दोन रीतींनी उमटवता येतो : ऱ हे अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही एक. शोधयंत्राला दोन शब्द वेगळे वाटू शकतात, आणि जोडचिन्ह वाटेत गळले तर खानापूरच्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून सगळ्या लेखनात एकच रीत पाळणे हे या पद्धतीतले अगदी पहिले काम.

छपाईच्या धंद्यात मात्र जुने फॉन्ट अजून सुटलेले नाहीत. बेळगावातल्या डीटीपी करणाऱ्याला एकाच पत्रिकेवर मराठी आणि कन्नड दोन्ही जुळवावी लागतात. मराठीसाठी जुना फॉन्ट, कन्नडसाठी नुडी किंवा बरह या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधला जुना फॉन्ट. त्यातून मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला तर कचरा येतो, म्हणून तो पत्रिकेचे चित्र करून देतो. त्याची यात चूक नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते आणि पत्रिका तासाभरात हवी असते.

एक निमंत्रणपत्रिका

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. अशा संमेलनाच्या पत्रिकेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वर गणपती, मग भगवी पट्टी, खाली चार सत्रे, पाहुण्यांची नावे, तळाशी मंडळातल्या पंचवीस जणांची नावे अगदी बारीक अक्षरांत. कागदावर ती शोभते. फोनवर ती दोन बोटांनी ताणावी लागते, डावीकडून उजवीकडे ढकलावी लागते, आणि अक्षर मोठे होईपर्यंत ओळीचे टोक निसटते. बटणांच्या फोनवर ताणायची सोयच नाही. दृष्टी नसलेल्या माणसाच्या फोनने तिथे ‘चित्र’ एवढेच म्हणावे. शोधून ती सापडत नाही. कन्नड शेजाऱ्याला भाषांतर करून वाचायची असली तरी तिच्यातला मजकूर सहज उचलता येत नाही.

हीच पत्रिका मजकूर म्हणून लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘येत्या रविवारी, शाळेच्या मैदानावर’ हे शब्द गावातल्या फळ्यावर पुरेसे आहेत, कारण फळा गावातच आहे. वेबवरचा मजकूर आपले गाव सोडून फिरतो. तीन वर्षांनी तो कुणाच्या तरी शोधात वर येतो तेव्हा रविवार कोणता आणि शाळा कुठली, हे त्याने स्वतःच सांगायला हवे. पूर्ण तारीख वर्षासह, गाव, तालुका, जिल्हा हे सारे मजकुरातच असावे आणि यंत्रालाही कळेल अशा खुणांनी वेगळे केलेले असावे. अशा खुणांसाठी मोठ्या शोधयंत्रांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही सामायिक शब्दावली काढली. कार्यक्रम, त्याची वेळ, स्थळ, वक्ते यांना तिच्यात ठरलेली नावे आहेत.

स्थळांच्या नावांत तर इथे विशेष काळजी लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो आणि हिंदीत बेलगाम चालते. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी हेही तसेच. लेखकाने आपल्या जिभेवरचे नाव लिहावे, ते सोडण्याचे कारण नाही. पर्यायी नावे खुणेत नोंदवली की उद्याच्या नकाशाला किंवा बोलक्या यंत्राला ते एकच ठिकाण असल्याचे कळते.

देवनागरी आणि कन्नड एका पानावर

पानाच्या किंवा परिच्छेदाच्या भाषेची खूण, मराठीसाठी ‘एमआर’ आणि कन्नडसाठी ‘केएन’, ही दोन अक्षरांची गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि तिच्यावाचून बरेच अडते. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतील तर ही खूण पाहूनच यंत्र ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवते. नसेल तर हिंदी वळण येते. मजकूर वाचून दाखवणारा आवाजही तिच्यावरून भाषा निवडतो. खूण नसली तर मराठी परिच्छेद हिंदी उच्चारांत ऐकावा लागण्याचा संभव असतो.

देवनागरीत मात्रा, वेलांटी, रफार वर चढतात आणि उकार खाली उतरतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लटकतो. इंग्रजी मजकुरावरून उंची मोजून केलेल्या चौकटीत ही दोन्ही छाटली जातात. म्हणून उंची बांधू नये, ओळींतले अंतर सैल ठेवावे आणि अक्षरांमध्ये मुद्दाम फट पाडू नये, कारण तिने शिरोरेषा तुटते. अपंगांसह सर्वांना वेब वापरता यावे यासाठीच्या २०१८ च्या वेब सुगम्यता निकषांनी ३२० पिक्सेल रुंदीतही पान आडवे न सरकवता वाचता आले पाहिजे असे म्हटले आहे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची स्क्रीन तर २.४ इंचांची, २४० बाय ३२० पिक्सेलची, आणि तिला स्पर्श कळत नाही. बोट ठेवल्यावरच उघडणारी यादी तिथे बंदच राहते.

वजनाचा हिशेब सोपा आहे. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. हजार शब्दांच्या लेखात साधारण सात हजार चिन्हे धरली तर एकवीस किलोबाइट झाले. फोनने काढलेला एक फोटो सहज तीन-चार मेगाबाइटचा, म्हणजे असे साधारण दीडशे ते दोनशे लेख. जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातल्या वस्तीवर, जिथे रेंजसाठी उंचवट्यावर जावे लागते, हा फरक वाचता येणे आणि न येणे यांतला आहे.

सुट्या रकान्यांचे उदाहरण याच मुलखात आहे. कर्नाटकच्या भूमी प्रकल्पाने २००० च्या सुमारास जमिनीच्या नोंदी संगणकावर घेतल्या. तालुक्याच्या केंद्रावर १५ रुपये भरून पहाणीचा छापील उतारा मिळू लागला. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, खातेदार हे वेगवेगळ्या रकान्यांत नोंदलेले असल्यामुळे पुढे तीच नोंद घरबसल्या वेबवर पाहता आली. ती कन्नडमध्ये असते आणि मराठी शेतकरी ती कुणाकडून तरी वाचून घेतो. रकाने सुटे असल्याने निदान त्यांची शीर्षके मराठीत दाखवणे यंत्राच्या दृष्टीने अवघड नाही.

बोलके यंत्र आणि कागद

आवाजावर चालणाऱ्या यंत्रांपुढे मराठी लेखनातली संक्षेपाची सवय उघडी पडते. ‘सायं. ४ वा.’, ‘ता. खानापूर’, ‘मा. अध्यक्ष’ हे डोळ्याला सवयीचे. आवाज त्यांचे ‘सायं चार वा’, ‘ता खानापूर’ करू शकतो. ‘संध्याकाळी ४ वाजता’, ‘तालुका खानापूर’ असे लिहिले तर जागा थोडी जास्त लागते आणि ऐकणाऱ्या आजीला कुणाला विचारावे लागत नाही.

कागद हेही एक उपकरणच, आणि सीमाभागात ते अजून जोरात आहे. फोनवरचे पान झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले जाते. छापताना गडद पार्श्वभूमी, वरची यादी आणि जाहिराती गळाव्यात अशी सोय पानाच्या नियमांत करता येते. ती नसेल तर एका सूचनेला चार कागद आणि निम्मी शाई जाते. काही गल्ल्यांत त्याही पुढची पायरी असते. मंडळाचा कार्यकर्ता डाव्या हातात फोन धरून कोपऱ्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत असतो : काय, कधी, कुठे, कोण बोलणार. मजकूर सुटा असला की या चार ओळी त्याला एका नजरेत सापडतात. चित्र असले की तो दर शब्दाला खडू खाली ठेवून दोन बोटांनी पत्रिका ताणत राहतो.