चंद्र एकच, मग भावनगरला पाणी पाचपट का चढतं?

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यातूनच हा पाऊण तास आला. कागदही न लागणारं हे गणित मला फार आवडतं.

पण त्यातून कळते ती फक्त वेळ. पाणी किती चढेल, हे नुसत्या तिथीवरून सांगता येत नाही. पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक गोव्यात दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईत चार-साडेचार मीटर आणि खंबातच्या आखातात भावनगरपाशी तब्बल दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढा! जहाजं तोडण्याचा अलंगचा धंदा याच पाण्यावर उभा आहे. ऐन उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी उतरलं की ते चिखलात तसंच रुतून राहतं.

भरती ही शेकडो ते हजारो किलोमीटर लांबीची लाट असते आणि तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. 4,000 मीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे 700 किलोमीटरनं धावते, 10 मीटर पाण्यात ताशी जेमतेम 36. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतच राहतं, आणि पाणी उंच होत जातं. मुंबई-गुजरातसमोर उथळ समुद्राचा पट्टा खूप रुंद आहे, पुढे आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं. शिवाय या उथळ पाण्याची स्वतःची हेलकावण्याची लय भरतीच्या 12 तास 25 मिनिटांच्या लयीशी बरीच जुळते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा, तसं होतं.

हे सगळं संगणकात बसवायचं तर समुद्राच्या चौकटी पाडतात. समजा 500 मीटर बाजूची एक चौकट घेतली. तिचं क्षेत्रफळ अडीच लाख चौरस मीटर. बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत येणारं पाणी सेकंदाला 125 घनमीटर जास्त असेल, तर पातळी मिनिटाला 3 सेंटिमीटर चढते. दहा मीटर पाणी सहा तासांत चढायचं म्हणजे साधारण हाच वेग! दुसरा हिशोब प्रवाहाचा: पाण्याचा उतार त्याला ढकलतो, पृथ्वीचं फिरणं वळवतं, तळाचं घर्षण अडवतं. हे दोन्ही हिशोब हजारो चौकटींसाठी काही सेकंदांच्या टप्प्यांनी पुन्हापुन्हा करायचे. टप्पा मोठा घेऊन चालत नाही. एका टप्प्यात लाट एका चौकटीच्या पलीकडे उडी मारू लागली की आकडे भरकटतात आणि पडद्यावरचा समुद्र फुटतो. हे बंधन कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928 मध्येच, संगणक यायच्या आधी, दाखवून दिलं होतं.

चिखलाचे किनारे आणि तिवरांची खाजणं सगळ्यात जास्त छळतात. तिथली चौकट ओहोटीला कोरडी पडते आणि भरतीला पुन्हा ओली होते. पाणीच नसलेल्या चौकटीत प्रवाह कुठला काढणार? म्हणून काही सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उरलं की ती हिशोबातून बाजूला ठेवतात आणि शेजारून पाणी आलं की परत घेतात.

पातळी बरोबर येणं त्या मानानं सोपं असतं. खरी परीक्षा प्रवाहाची. गाळ कुठे साचेल, सांडलेलं तेल कुठे जाईल, हे प्रवाहावर ठरतं, आणि वाळूचा एक दांडा मध्ये आला तर दोनशे मीटरवर त्याची दिशा बदलते. म्हणून समीकरणांपेक्षा खोलीचा ताजा नकाशा मला जास्त मोलाचा वाटतो. मॉडेलमधली भरती भावनगरला वीस मिनिटं उशिरा पोचली, तर पहिला मोह घर्षणाचा आकडा कमी करण्याचा होतो. भरती वेळेवर येतेही. पण खंबातमधले वाळूचे दांडे सरकत असतात, आणि चूक बहुतेकदा जुन्या नकाशावरच्या खोलीत असते.