खांदा आखडलाय की नुसता दुखतोय?

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाईचं कोपर दिवसभर अंगाजवळच असतं. त्यामुळे खांदा आखडत चाललाय हे तिला कामावर लवकर कळतच नाही. कळतं ते सकाळी वेणी घालताना, नाहीतर पोलक्याची बाही चढवताना. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. घरचे म्हणतात, वात धरला असेल, आता वय झालं. मग तेल, शेक, कुणाकडून तरी ‘नस बसवून’ घेणं, यात महिने निघून जातात.

खांद्याच्या सांध्याभोवती एक लवचीक आवरण असतं. पोलक्याला काखेत जरा जास्तीचं कापड सोडतात, तसं ते खालून सैल असतं, म्हणून हात वर जातो. खांदा आखडण्याच्या या विकारात, म्हणजे फ्रोझन शोल्डरमध्ये, या आवरणाला सूज येते, मग ते जाड होऊन आकसतं.

ओळखायचं कसं? दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला न्या. आखडलेल्या खांद्याचा पंजा मध्येच अडतो. आता दुसऱ्या कुणीतरी तो हलकेच बाहेर न्यायचा. तरीही अडला, तर आवरण आकसल्याचा संशय बळावतो. स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, असं असेल तर बहुधा खांद्याचा स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) फाटलेला असतो. साठी-सत्तरीनंतर, विशेषतः पडल्यावर, हे बरंच दिसतं. या दोन्ही दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत.

फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे सहसा नॉर्मल येतो, तरी म्हाताऱ्या माणसाचा तो काढावाच. सांध्याची झीज झाली असेल तरीही पंजा असाच अडतो, आणि ती एक्स-रेतच दिसते. चालताना डावा खांदा भरून येत असेल, धाप लागत असेल, घाम फुटत असेल तर मात्र आधी हृदय तपासा.

आणि साखर! मधुमेह्यांमध्ये हा विकार कित्येक पटींनी जास्त आढळतो. खांदा आखडलेल्या प्रत्येकाने तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासून घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनाही धोका अधिक असतो.

स्टिरॉइडचं नाव काढलं की लोक घाबरतात. पण सुरुवातीच्या, ठणक्याच्या काळात सांध्यात दिलेलं एक इंजेक्शन वेदना चांगली कमी करतं आणि व्यायाम शक्य होतो. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते. डॉक्टरांना आधी सांगून ती मोजत राहावी. वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नयेत. उतारवयात मूत्रपिंड आणि रक्तदाबाला त्या महागात पडतात. ठणका असताना पुढे वाकून हात लोंबकळत हलवणं पुरे, ताण देणारे व्यायाम तो ओसरल्यावर. हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा हात जोर लावून वर ओढणं तर धोक्याचं आहे, हाड मोडू शकतं.

शस्त्रक्रियेची घाई नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण सोडवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, असे तीन उपचार त्यात होते. वर्षभरानंतर यातला कुठलाही उपचार इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

बरं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, थोडा ताठरपणा उरूही शकतो. त्याच खांद्यात हे दुखणं सहसा परतत नाही. दुसऱ्या खांद्यात मात्र पुढे काही वर्षांत उद्भवू शकतं, तेव्हा तिकडचा पंजाही अधूनमधून बाहेर नेऊन पाहत जा.