लोहाचा दुष्काळ आणि घटसर्पाचं विष

इतवारीतल्या लोहा ओळीत कढई घेताना माझी आत्या ती उलटी धरून बोटाच्या पेरानं टिचकी मारते. खणखणीत वाजली तरच घ्यायची. दुकानदार म्हणतो, "घ्या बाई, हिच्यानं रक्त वाढते." खोटं नाही, आंबट भाजीत कढईतलं थोडं लोह उतरतंच.

लोह जंतूंनाही हवं असतं. मोठ्या माणसाच्या अंगात ते जेमतेम ३ ते ४ ग्रॅम, त्याच दुकानातल्या एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलंही जंतूच्या हाती जवळपास काही लागत नाही. बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं, काही फेरिटिनच्या कोठारात. रक्तातून फिरणारं लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवतं, लाळेत आणि अश्रूंत लॅक्टोफेरिन.

घशात उतरलेल्या घटसर्पाच्या (डिप्थेरियाच्या) जंतूला ही टंचाईच सांगते, की आपण आता माणसाच्या अंगात आहोत. त्याच्याकडे डीटीएक्सआर नावाचं एक प्रथिन असतं. लोह मुबलक असलं की लोहाचे अणू त्याला चिकटतात, त्याच्या जोड्या जमतात आणि त्या जंतूचं विष बनवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशीच डीएनएवर ठाण मांडतात. जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तिथं शिरताच येत नाही. लोह आटलं की अणू सुटतात, प्रथिनाची पकड ढिली होते आणि विष बनू लागतं. त्याच वेळी लोह ओढून आणणारे रेणूही तयार होतात. विष असं, की पेशीत एकच रेणू शिरला तरी तिचं प्रथिनं बनवणं बंद पडून ती मरू शकते.

गंमत म्हणजे विषाचं हे जनुक मुळात जंतूचं नाहीच. ते त्याच्यात वस्तीला आलेल्या विषाणूचं. फ्रीमन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये हे नातं दाखवलं. म्हणजे हत्यार पाहुण्याचं आणि किल्ली यजमानाच्या कमरेला! रक्ती आमांशाच्या एका शिगेला जंतूचं विषही लोह घटलं की वाढतं. तिथं पहाऱ्यावर फर नावाचं दुसरं प्रथिन असतं.

लोहाचा हा धाक प्रयोगशाळेला आधीच कळला होता. पापेनहायमर आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी तो १९३६ मध्येच मांडला. जंतू वाढवण्याच्या द्रावणात मिलिलिटरमागे ०.१४ मायक्रोग्रॅम लोह असलं तर विष भरपूर, ०.५ झालं की जवळपास बंद. लस करणाऱ्यांची अडचण उलटी: त्यांना विष हवंच असतं, कारण ते फॉर्मॅलिननं निष्प्रभ करूनच लस बनते. म्हणून ते द्रावणातलं जास्तीचं लोह मुद्दाम काढून टाकतात. दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत टोचल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरच्या एकत्र) लसीतला घटसर्पाचा भाग अशाच उपाशी ठेवलेल्या जंतूंकडून आलेला असतो.