नोटीस, मोरी आणि घरमालक: इंग्लंडमधल्या नागरी स्वच्छता जिल्ह्यांची पार्श्वभूमी

1872च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये नागरी व ग्रामीण स्वच्छता जिल्हे पाडले आणि प्रत्येकाला आरोग्य अधिकारी नेमणं भाग पाडलं. लिव्हरपूलमध्ये हे पद त्याआधी 25 वर्षं होतं.

तिथली गरज उघड होती. स्वच्छता सुधारक एडविन चॅडविकच्या 1842च्या अहवालात लिव्हरपूलच्या मजूरवर्गाचं मृत्यूचं सरासरी वय 15 वर्षं आहे, सधनांचं 35. मजूर पंधराव्या वर्षी मरत, असा याचा अर्थ नाही. मेलेल्यांत तान्ही मुलं इतकी होती की सरासरी तिथवर घसरली. मजुरांची घरं अरुंद, बंद चौकाभोवती पाठीला पाठ लावून बांधलेली असत. अख्ख्या चौकाला संडास सामायिक. घरांखाली जागा असली की तळघरही भाड्याने जाई.

1846 साली शहराने स्वतःपुरता कायदा करून घेतला. 1 जानेवारी 1847 रोजी डॉ. विल्यम हेन्री डंकन आरोग्य अधिकारी झाले, त्याच वर्षी जेम्स न्यूलँड्स शहर अभियंता. थॉमस फ्रेश उपद्रव निरीक्षक म्हणून आधीपासून काम पाहत होते. डंकनचं नाव सगळे घेतात, पण या व्यवस्थेचं बळ तिघांच्या जोडणीत होतं. रोग कुठे वाढतोय ते डॉक्टर सांगे, निरीक्षक दारोदार फिरून घाण नोंदवी, अभियंता मोरी बांधे. तिघांतला एक नसला की उरलेल्या दोघांचे अहवाल कपाटात पडून राहत.

पहिल्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले लाखो लोक बंदरात उतरले आणि टायफसची (उवांतून पसरणाऱ्या तापाची) साथ भडकली. तळघरं रिकामी करायचा अधिकार होता, पण काढलेल्यांना ठेवायला घरं नव्हती, म्हणून बंद केलेली तळघरं पुन्हा भरत. हुकूम काढणं सोपं होतं. पर्यायी निवारा देणं कोणाचंच काम ठरलेलं नव्हतं. माझ्या मते त्या काळची ही सर्वांत मोठी चूक.

न्यूलँड्सने 1848 पासून 11 वर्षांत 86 मैल नव्या मोऱ्या घातल्या. जुन्या विटांच्या सपाट तळाच्या मोरीत थोडं पाणी पसरून संथ होई आणि गाळ तिथेच बसे. अंड्याच्या आकाराची मोरी, निमुळतं टोक खाली ठेवून घातली की थोडंसं पाणीही वेगाने वाहतं आणि तळ आपोआप धुतो. पण मोरीला पाणी लागतं, आणि चौकांत नळ ठराविक वेळीच चाले. म्हणून तिथे लांब सामायिक कुंडाचे संडास बसवले गेले. भाडेकरूंवर न सोपवता नगरपालिकेचा माणूस ठरल्या वेळी ते कुंड उपसून धुवी.

देशभराच्या 1848च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात मृत्युदर हजारी 23 च्या वर असेल, तरच वरून स्थानिक आरोग्य मंडळ लादता येई. एरवी करदात्यांपैकी एक दशांशांनी अर्ज करावा लागे. आरोग्य अधिकारी नेमण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. मंडळावर बहुधा घरमालकच निवडून येत आणि नव्या मोरीचा खर्च त्यांच्याच करपट्टीत वाढे. तळघराचं माप मात्र या कायद्यात नेमकं होतं: उंची किमान 7 फूट, त्यातले 3 फूट रस्त्याच्या वर, बाहेर अडीच फूट रुंद मोकळी जागा, 9 चौरस फुटांची खिडकी आणि धुराडं असलेली चूल. बहुतेक तळघरं यात बसत नसत.

1875च्या कायद्याने निरीक्षकाच्या कामाची पायरी बांधून दिली. तक्रार किंवा पाहणी, मग मुदतीची लेखी नोटीस, न ऐकल्यास दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज, आणि हुकूम मोडला तर रोज 10 शिलिंगांपर्यंत दंड. यात रोजचा दंड महत्त्वाचा. एकदाच भरायचा दंड भाड्यातून सहज सुटे. रोज चढणारा मालकाला मोरी दुरुस्त करायला लावी. सरकार आरोग्य अधिकाऱ्याचा अर्धा पगार देऊ लागल्यावर त्यालाही मालकांची मर्जी सांभाळण्याची गरज थोडी कमी झाली.

मुभा आधी आणि सक्ती मागून, हा क्रम साथीच्या रोगांची खबर देण्याबाबतही चालला. 1889चा कायदा लंडनला बंधनकारक, बाकीच्या शहरांना ऐच्छिक होता. खाजगी रुग्णाची खबर देणाऱ्या डॉक्टरला 2 शिलिंग 6 पेन्स मिळत. सगळ्या जिल्ह्यांवर तो 1899 साली लागू झाला.