दावा फेटाळला, पण कशामुळे? हक्काअभावी की गुणदोषांवर?

'न्यायालयाने दावा फेटाळला' एवढे वाचले की वादीचे म्हणणे खोटे आणि प्रतिवादीचे खरे ठरले, असे आपण गृहीत धरतो. हा निष्कर्ष गुणदोषांवर फेटाळलेल्या दाव्याला लागू पडतो, कारण तिथे पुरावा आणि कायदा तपासून निर्णय झालेला असतो. वादीला दाद मागण्याचा हक्कच (वकिलांच्या बोलीत 'लोकस स्टँडाय') नाही म्हणून दावा फेटाळला, तर मात्र मूळ प्रश्नाला न्यायालयाने हातही लावलेला नसतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०२४ रोजी एकमताने दिलेला मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधाविषयीचा निकाल यासाठी बारकाईने पाहण्याजोगा आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये मान्यता दिलेल्या या औषधाची वापरमर्यादा २०१६ मध्ये गर्भधारणेच्या सातव्या आठवड्यावरून दहाव्यापर्यंत वाढवण्यात आली आणि २०२१ मध्ये ते समक्षच घेण्याची अटही शिथिल झाली. गर्भपाताला विरोध असलेले काही डॉक्टर आणि त्यांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. हे डॉक्टर ते औषध लिहून देत नव्हते, वापरतही नव्हते.

प्रत्यक्ष हानी, ती प्रतिवादीच्या कृतीमुळेच झालेली असणे आणि निकालाने ती दूर होण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी तेथे वादीला दाखवाव्या लागतात. सद्सद्विवेकाविरुद्ध उपचार करावे लागतील, ही डॉक्टरांची भीती निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी अमान्य केली, कारण नकार देण्याचे संरक्षण संघीय कायद्याने त्यांना आधीच दिलेले आहे. औषधाविरुद्ध लढण्यासाठी संघटनेने स्वतःहून केलेला खर्चही हानीत धरला गेला नाही. मग दुसरे कोण दाद मागणार, हा युक्तिवादही टिकला नाही. इतर कोणाकडेच हक्क नसला, तरी केवळ तेवढ्यामुळे तो या वादींना मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

जनहित याचिकांची सवय असलेल्या आपल्याला हे कठोर वाटेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात, गरिबीमुळे किंवा असाहाय्यतेमुळे ज्यांना स्वतः न्यायालयात येता येत नाही त्यांच्या वतीने सद्हेतूने इतरांना दाद मागण्याची मुभा दिली. ती आवश्यकच होती, असे माझे मत आहे.

औषधाच्या अटी शिथिल करणे योग्य होते की अयोग्य, यावर मात्र अमेरिकी न्यायालयाने काहीच म्हटले नाही. त्यामुळे औषध शिथिल केलेल्या अटींवरच उपलब्ध राहिले, तरी त्याला न्यायालयाने मान्यता दिली असे म्हणणे चूक ठरते. गुणदोषांवर हरलेल्या पक्षाला त्याच प्रतिवादीविरुद्ध तोच वाद पुन्हा उकरून काढता येत नाही. येथे तशी आडकाठी निर्माण झाली नाही, आणि खालच्या न्यायालयात आधीच सामील झालेल्या मिसुरी, कॅन्सस आणि आयडाहो या राज्यांनी त्याच औषधाविरुद्धचा लढा पुढे चालू ठेवला.