पहिला ‘हॅलो’ जातो कुठं?

आमच्याकडं जिनिंगच्या ऑफिसात आता नेटवर चालणारे फोन आलेत, मुंबईच्या हेड ऑफिसनं एक्स्टेंशन दाबलं की हिंगणघाटच्या टेबलावर रिंग वाजते, एसटीडीचा विषयच संपला. पण एक तक्रार जिकडंतिकडं ऐकू येते. फोन उचलला, ‘सात हजार दोनशे’ असा कापसाचा भाव सांगितला आणि पलीकडच्याला ऐकू गेलं फक्त ‘दोनशे’. पहिले एक-दोन सेकंद गायब, पुढं आवाज चोख. मग कोणीतरी म्हणतंच, ‘एवढं लांब आहे बावा, वेळ तर लागणारच!’

राजेहो, हिशेब तर करा. फायबरच्या काचेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई रस्त्यानं धरा ८०० किलोमीटर, म्हणजे ४ मिलिसेकंद. वाटेतले राऊटर धरून थोडे वाढवा, तरी सेकंद होत नाही.

खरी गंमत अशी आहे की या फोनमध्ये रिंग एका वाटेनं येते आणि आवाज दुसऱ्या वाटेनं. आधी दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना निरोप धाडतात, की मला अमुक कोडेक (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) समजतो, माझा आवाज अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर (त्या पत्त्याच्या अमुक दारावर) पाठव. हे ठरल्याशिवाय आवाजाची पाकिटं निघतच नाहीत. १९९६ साली आलेल्या एच.३२३ या नेटफोन जोडायच्या पद्धतीत ही बोलणी बऱ्याचदा फोन उचलल्यावर सुरू व्हायची: आधी वेगळं कनेक्शन उघडा, मग कोणाला काय जमतं ते सांगा, मग दोन्ही दिशांचे चॅनल उघडा. मोटार सुरू करून मग पाइप जोडत बसायचं तसंच, पहिलं पाणी मातीतच जाणार. यात निरोपांच्या किमान तीन-चार येरझाऱ्या होतात. फायबरवर ते खपून जातं, पण आडगावच्या ऑफिसला सॅटेलाइटची लाइन असेल तर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, एका येरझारीला अर्धा सेकंद, म्हणजे दीड-दोन सेकंद तिथंच गेले. म्हणून १९९८ च्या आवृत्तीत फास्ट कनेक्ट आलं, सगळी माहिती पहिल्याच निरोपात.

आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी एसआयपी ही पद्धत असते, पण दुखणं तेच. इन्व्हाइट, म्हणजे फोन लावतानाचा पहिला निरोप, आवाजाच्या पत्त्याविना रिकामा गेला तर त्याला डिलेड ऑफर म्हणतात, मग उचलणाऱ्याच्या फोनला समोरच्याचा पत्ता शेवटच्या एसीके (पोचपावतीच्या) निरोपात मिळतो, तोवर उचलणारा बोलतोय आणि त्याचाच फोन मुका. यूडीपीवर (स्वतः पोचपावती न घेणाऱ्या वाहतुकीवर) एखादा निरोप हरवला तर तो परत पाठवायच्या आधी ५०० मिलिसेकंद थांबायचं, मग दुप्पट, हा नियमच आहे. त्यात ब्रँचचा फोन स्वतःचा पत्ता १९२.१६८ वाला सांगतो, जो राऊटरच्या बाहेर चालतच नाही, मग एक्सचेंज (ऑफिसचे कॉल जोडणारं यंत्र) पहिलं पाकीट कुठून येतं याची वाट पाहत बसतं.

अशा वेळी या यंत्रांच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं, आणि ‘मोठा प्लॅन घ्या’ म्हणणाऱ्याचा तर रागच येतो. जी.७११ या साध्या कोडेकवरच्या कॉलला एका दिशेला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत, प्लॅन वाढवून येरझाऱ्या कमी कशा होतील?

आधी एवढं बघा, उशीर फक्त सुरुवातीला आहे की कॉलभर. कॉलभर असेल तर तो जिटर बफर (मागं-पुढं येणारी पाकिटं थोडी साठवून सारखी सोडणारी जागा) किंवा सॅटेलाइट, ते दुखणं वेगळं. सुरुवातीलाच असेल तर फोनवाल्याला वायरशार्क (नेटवरची पाकिटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावायला सांगा आणि २०० ओके, म्हणजे ‘फोन उचलला’ या निरोपानंतर दोन्ही दिशांचं पहिलं आरटीपी, म्हणजे आवाजाचं, पाकीट किती वेळानं निघालं ते मोजायला लावा. मग अर्ली ऑफर (पहिल्याच इन्व्हाइटमध्ये पत्ता) चालू करायची, दोन्ही ऑफिसं व्हीपीएनमध्ये, म्हणजे एकाच खाजगी जाळ्यात, घ्यायची, आणि डायरेक्ट मीडिया चालू असेल तर लांबच्या ब्रँचसाठी बंद करून बघायचं, कारण त्यात उचलल्याबरोबर आवाजाची वाट एक्सचेंजवरून काढून फोन-टू-फोन वळवतात आणि नेमका त्या वळणावर ‘सात हजार’ सांडतो.